चाळीस होईपर्यंत

चार मजले, बहात्तर पायऱ्या. नऊ-नऊ पायऱ्यांच्या आठ रांगा, प्रत्येक रांगेच्या टोकाला एक दिवा, म्हणजे आठ दिवे. त्यांतले सहा नीट चालणारे, एक कायमचा गेलेला आणि एक स्वतःच्या मर्जीने लागणारा. तळमजल्यावर एक बटण आणि वरच्या प्रत्येक मजल्यावर एकेक, अशी पाच बटणं. खिडकी एकही नाही. हे सगळं तिला पाठ होतं, कारण नऊ वर्षं ती याच जिन्याने चढउतार करत होती आणि मोजणं हे तिचं पोटापाण्याचं काम होतं. खालचं बटण दाबलं की दिवे बरोबर एक मिनिट राहत. चौथ्या मजल्यावर पोचायला तिला छप्पन्न सेकंद लागत. उरलेल्या चार सेकंदांत किल्ली कुलपात. या हिशेबात नऊ वर्षांत कधी खंड पडला नव्हता. पण इमारतीच्या सेक्रेटरींनी त्या सोमवारी वीज वाचवायची म्हणून, कुणालाही न विचारता, ते मिनिट पंचेचाळीस सेकंदांवर आणून ठेवलं होतं. त्यामुळे संध्याकाळी साडेसहाला, खांद्याला पिशवी आणि हातात किल्ली अशी ती अठ्ठावन्नाव्या पायरीवर असताना सगळे दिवे एकदम गेले, आणि त्याच वेळी तिच्या मागे, तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दाराआड, एक बाई हसली.

हसणं साधंच होतं. कुणीतरी कुणाला काहीतरी सांगितलं असेल. पण ती आपोआप पायरीवर बसली, उजव्या हाताचा तळवा डोळ्यांवर गेला आणि मोजणी सुरू झाली. एक, दोन, तीन. यात तिला नवं काही नव्हतं. वयाच्या सातव्या वर्षापासून अंधारात, बंद दारासमोर, केसांना साबण लावून डोळे मिटल्यावर तिच्या डोक्यात ही मोजणी होत आली होती. चाळीस झाले की हात काढायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. नवं होतं ते वेगळंच, आणि ते तिच्या लक्षात आलं एकोणीसला. एकोणीसनंतर तिथे नेहमी एक आवंढा असायचा. चौतीस वर्षं हे आकडे एका बारा वर्षांच्या मुलाच्या आवाजात यायचे, फुटायला आलेल्या, जरा खरखरीत आवाजात. आणि एकोणीसनंतर तो मुलगा आवंढा गिळून मग वीस म्हणायचा. आज एकोणीसला लागून वीस आले. आवाज तिचा स्वतःचा होता. लॅबमध्ये शेजारच्या टेबलावरच्या माणसाला रीडिंग वाचून दाखवताना लागतो तो, सपाट, घाई नसलेला. एकवीस, बावीस. ती थांबली, पुन्हा एकपासून सुरू केलं, आणि पुन्हा तोच आवाज. दादाचा आवाज नव्हता. चाळीस झाले तरी तिने हात काढला नाही.

दार उघडलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंचं. हातात मोबाइलचा उजेड होता. त्यांनी आधी कोण आहे ते पाहिलं, मग बटण दाबलं, मग पडलात का म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सवयीने तिचं मनगट धरलं. थोडा वेळ घड्याळाकडे बघत राहिल्या.

"एकशे बारा," त्या म्हणाल्या. "अहो, भूत बघितल्यासारख्या काय बसलात?"

"बघितलं नाही," ती म्हणाली. "तीच तर अडचण आहे."

नर्सबाईंना तो विनोद वाटला आणि त्या हसल्या, मघाचंच हसणं. या वेळी दार उघडं होतं, तोंड दिसत होतं, त्यामुळे त्या हसण्याचं तिला काही वाटलं नाही.

ते पिक्चर तिने एकाच सुट्टीत तीनदा पाहिलं होतं, म्हणजे पाहिलं नव्हतं. ती सात वर्षांची आणि दादा बारा. दोघांना सुट्टीसाठी मावशीकडे धाडलेलं, मावशी आणि काका दिवसभर कामावर, आणि घरात व्हिडिओ प्लेअर. कपाटाच्या वरच्या फळीवर, चादरींच्या मागे, नाव नसलेल्या खोक्यात एक टेप होती. लपवून ठेवली आहे म्हणजे बघण्यासारखी असणार, हे दादाने तिला समजावून सांगितलं. दुपारची जेवणं झाली की तो जाड तपकिरी पडदे ओढायचा, दोन्ही पडद्यांची कड कपडे वाळत घालायच्या चिमट्याने जोडायचा, तरी खाली फरशीवर उजेडाची एक पट्टी राहायचीच. त्या पट्टीवर पाय ठेवून ती बसायची. पिक्चरमध्ये एक कुटुंब मोठ्या घरात राहायला येतं. बाप, आई, लहान मुलगी. घराला एक लाकडी जिना असतो आणि जिन्याच्या वर एक दार, जे बंद असतं. बराच वेळ काहीच होत नाही आणि तेच भयंकर असतं. मग एकदा त्या दाराची बिजागरी वाजते. बिजागरी वाजली आणि दादाचा हात तिच्या डोळ्यांवर आला. त्या हाताला संत्र्याच्या सालीचा आणि पेन्सिलीच्या भुशाचा वास होता, आणि तो हात गार होता.

"शेपटे, उघडायचे नाहीत हं डोळे." तो तिला शेपूट म्हणायचा, कारण ती सदा त्याच्या मागे.

"कधीपर्यंत?"

"चाळीस होईपर्यंत."

चाळीसच का, हे तिने तेव्हा विचारलं नाही. त्याने मोजायला सुरुवात केली. बाहेर, म्हणजे पडद्यावर, पायऱ्या करकरल्या. मग काहीतरी मोठ्याने वाजलं आणि तिच्या पापण्या त्याच्या तळव्याला घासल्या. मग शांत. मग पाणी ओतल्याचा आवाज, आणि पंचवीसच्या सुमाराला एक बाई हसली. मनापासून, लांबवर, मजा आल्यासारखी. घाबरवणाऱ्या किंकाळ्या असतात हे तिला माहीत होतं, त्यांची तयारी होती. जिन्यावर जे काही उभं आहे ते खुशीत हसतं, याची तयारी नव्हती. चाळीस झाले, हात निघाला, तेव्हा पडद्यावर बाप सूटकेस गाडीत ठेवत होता. कोण हसलं, असं तिने विचारलं. "तीच," दादा म्हणाला. "दुसरं कोण?" दुसऱ्या दिवशी जेवताना तोच म्हणाला की आज तुला दाखवतो, आज नाही हात ठेवणार. पडदे, चिमटा, पट्टी. बिजागरी वाजली आणि हात आला. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मावशीला टेप सापडली आणि ती ज्याची होती त्याला परत गेली. काकांचं तोंड त्या संध्याकाळी बघण्यासारखं होतं.

एवढंच. लोकांना पिक्चरमधलं काय काय दिसत राहतं म्हणतात. तिला दिसण्यासारखं काही नव्हतंच. तिच्याजवळ होते आवाज आणि एक तळवा. शाळेत फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत सगळ्या मुली किंचाळत होत्या, ती मोजत होती. दाताच्या डॉक्टरांकडे, बोगद्यातून जाणाऱ्या बसमध्ये, हॉस्टेलच्या न्हाणीघरात. बंद दाराआड बाया हसत असल्या तर ती दाराबाहेर उभी राहायची. लॅबमध्ये चहाच्या खोलीत हसणं चालू असेल तर ते संपेपर्यंत ती पॅसेजमधल्या सूचना वाचत थांबायची, आणि त्यामुळे लॅबमधल्या निम्म्या बायकांचं मत होतं की हिला आमच्यात बसायला कमीपणा वाटतो. एक स्थळ तर त्यापायीच गेलं. मुलगा चांगला होता, बोलणं सरळ होतं, पण आतल्या खोलीतून त्याची बहीण हसली आणि हिने अर्धा कप तसाच ठेवून दार कुठे आहे ते पाहिलं. आईने नंतर बरंच सुनावलं. दादा मात्र तिची बाजू घेऊन म्हणाला की अगं, शेपटीला हसरी नणंद नको असेल, तर रडकी शोधू. ही सगळी नुकसानाची बाजू. दुसरी बाजू तिने कधी कुणाला सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी नव्हती: भीती तिच्याकडे कधीच एकटी आली नाही. आली की मागोमाग तो हात यायचा, संत्र्याच्या वासाचा, आणि तो आवाज. दादा कुठेही असो, कामावर, दुसऱ्या गावात, स्वतःच्या बायकोमुलांत, भीती वाटली की चाळीस सेकंद तो बारा वर्षांचा होऊन तिच्याजवळ येऊन बसायचा. इतकं नेमाने येणारं तिच्या आयुष्यात दुसरं कुणी नव्हतं.

मोठेपणी तिने त्याला विचारलं होतं. एकदा नाही, तीनदा. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. वीस-वीस मजल्यांच्या काळोख्या विहिरीत, डोक्याला दिवा बांधून, लोंबत्या केबलींच्या मधोमध उभा राहणारा माणूस. सगळ्या नातेवाइकांत तो धीट म्हणून प्रसिद्ध. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, पांढऱ्या साडीतली बाई होती, तोंड नव्हतं. काही वर्षांनी म्हणाला, लहान मुलगी होती, हातात कात्री. तिने मागचं उत्तर काढून दाखवलं तर म्हणाला, बाईही होती, मुलगीही होती, तू काय पंचनामा करतेस? तिसऱ्यांदा, फोनवर, म्हणाला की नुसता एक हात होता ग, भिंतीवरून सरकत येणारा. विज्ञान शिकलेल्या माणसाला तीन रीडिंग तीन तऱ्हेची आली की उपकरणाबद्दल शंका यायला पाहिजे. तिला वाटलं, चिडवतोय.

तो एकदा तिच्या लॅबमध्ये आला होता. लॅब म्हणजे दोन थंड खोल्या. गावभरच्या कारखान्यांतले, दवाखान्यांतले, शाळांतले थर्मामीटर, टायमर, स्टॉपवॉच तिथे खरे आहेत की खोटे हे ठरायला येत. तिच्याकडे स्टॉपवॉच. प्रमाण घड्याळाशी लावून तीन रीडिंग घ्यायची, सरासरी काढायची, अंगठ्याची चूक, म्हणजे बटण दाबण्यातला उशीर, दोन दशांश सेकंद धरायची, आणि बरोबर निघालं तर पाठीवर हिरवा स्टिकर चिकटवायचा: तपासले, तारीख, वैधता एक वर्ष. दादा येऊन सगळीकडे नाक खुपसत फिरला. शेजारच्या टेबलावर तिचा सहकारी, ज्याला सगळे दशांश म्हणत, कारण तो जेवायला किती वेळ आहे हेसुद्धा तीन दशांशांपर्यंत सांगायचा, तो म्हणाला की माणसाचंही कॅलिब्रेशन करता येईल, फक्त स्टिकर कुठे लावायचा हा प्रश्न. मग दादाला खुर्चीत बसवलं. डोळे मिटून मनात चाळीस मोज आणि झाले की हात वर कर, असं तिने सांगितलं. चाळीस तिच्या तोंडून सहज गेलं. त्याने डोळे मिटले, जरा जास्तच घट्ट, कपाळाला आठ्या पडेपर्यंत. ओठ हलत होते. मध्ये एकदा गळ्याची घाटी वरखाली झाली, आणि ती बघत असलेल्या प्रमाण घड्याळात तेव्हा एकोणीस होऊन गेले होते. हात वर आला तेव्हा एकोणचाळीस पूर्णांक दोन. दशांश खुर्चीतून उठला. म्हणाला, अहो, याहून वाईट घड्याळं आम्ही पास केली आहेत. तिने हिरवा स्टिकर दादाच्या शर्टाच्या खिशावर लावला आणि पुढच्या वर्षी तपासायला परत यायचं असं बजावलं.

पुढच्या वर्षी तो आला नाही, त्यानंतरच्या वर्षी गेला. निमोनिया. पाच दिवस हॉस्पिटलात, त्यातले तीन नळी घालून, त्यामुळे माणूस जायच्या तीन दिवस आधी आवाज गेला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, आणि बोलायला फक्त डोळे. तिसऱ्या दिवशी मानेत आणखी एक सुई घालायची म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. वहिनी गेली. ही गेली नाही. दादा तिच्याकडे बघत होता. तिला काय सुचलं कोण जाणे, ती वाकली आणि त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि हळू आवाजात मोजायला लागली. तळव्याला त्याच्या पापण्या लागतील असं तिला वाटलं होतं. लागल्या नाहीत. हात पोचायच्या आत त्याने डोळे मिटून घेतले होते. चाळीस झाले तेव्हा सुई घालून झाली होती, डॉक्टर हातमोजे काढत होते, आणि दादाने डोळे उघडून तिच्याकडे असं पाहिलं की जणू आता काहीतरी सांगणार. नळी होती. ते राहिलं.

म्हणून तो सोमवार. दोन वर्षं माणूस नव्हता, पण आवाज येत होता. जिन्यात, साबणाच्या फेसात, कधीही बोलवावा आणि यावा. आता तोही गेला. तिला वाटलं थकव्यामुळे असेल, झोप नीट झाली नसेल. मंगळवारी तिने न्हाणीघराचा दिवा मालवून डोळे मिटून पाहिलं. आवाज तिचाच. बुधवारी ऑफिसच्या तळघरातल्या स्टोअररूममध्ये दार ओढून घेऊन पाहिलं. शिपाई शोधत आला आणि मॅडम इथे काय करताय म्हणाला. मोजत होते, ती म्हणाली, आणि स्टोअर असल्यामुळे ते त्याला पटलं. तिला आता भीतीची भीती नव्हती. भीती पुरेशी वाटत नाही, याची होती. बेचाळिसाव्या वर्षाकडे चाललेली बाई अंधारात उभी राहून थोडं तरी घाबरायला मिळावं म्हणून धडपडते आहे, हे तिचं तिलाच दिसत होतं, आणि तरी ती उभी होती.

शनिवारी ती वहिनीकडे गेली. दादाच्या आवाजाचं काही रेकॉर्डिंग आहे का, असं विचारायचं होतं. वहिनीने कपाटातून जुना फोन काढला, चार्जिंगला लावला, आणि दोघी त्याच्या दोन्ही बाजूंना आजारी माणसाजवळ बसावं तशा बसल्या. एकच निरोप होता. पोचलो, जेवून घ्या. तीन सेकंद. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाचा भरलेला आवाज, मागे कुठल्या तरी इमारतीतली ठाकठोक. वहिनीने तो चारदा लावला. हिला तो आवाज हवा होता आणि नकोही होता; तो वहिनीचा होता. तिचा वेगळा. मग वहिनीने त्याचं कामावरचं हेल्मेट आणून दाखवलं. आतल्या बाजूला, कपाळाच्या पट्टीवर, हिरवा स्टिकर होता. तपासले. कडा घामाने काळ्या झालेल्या.

"हे काय आहे म्हणून मी विचारायची," वहिनी म्हणाली, "तर म्हणायचे, सरकारमान्य माणूस आहे मी."

दोघी हसल्या. वहिनी बोलत सुटली, बोलायला माणूस मिळाल्यासारखी. बाहेर एवढे मोठे धीट, आणि घरात अंघोळीला दाराची कडी लावायची नाही. साबण लावला की आतून हाक: अगं, बोल काहीतरी. काय बोलू? काहीही बोल, भाजीचं सांग, पोरांचं सांग, थांबू नकोस.

"मला वाटायचं, माणसाला बायकोशी गप्पा मारायची किती हौस," वहिनी म्हणाली. "अठरा वर्षं मी त्या दाराशी उभी राहून भाज्यांची नावं घेतलीत."

मोजायचा का तो, असं हिने विचारलं. वहिनीला प्रश्न कळला नाही. मोजायला कशाला, मी होते ना बोलायला.

घरी येताना तिच्या मनात एकच गोष्ट होती. भीतीचा मूळ झरा जिथे आहे तिथेच गेलं पाहिजे. ते पिक्चर मिळवायचं. इतकी वर्षं ते मिळवणं अवघड नव्हतं. तिने शोधलंच नव्हतं. तिने दशांशला फोन केला, कारण जगातली सगळी भुतं त्याच्या संग्रहात होती. तिने वर्णन केलं तर तो म्हणाला, जिना असलेली पिक्चरं माझ्याकडे एकशे सहा आहेत, काहीतरी नेमकं सांगा. मग तिने आवाज सांगितले. बिजागरी, करकर, मोठा आवाज, शांतता, पाणी, हसणं, गाडी. दशांश म्हणाला, पाणी म्हणजे बादली ना? मिळालं. अर्ध्या तासात त्याने ते पाठवलंही. वर फोन करून सांगायला लागला की घाबरण्यासारखं काही नाही त्यात, जिन्यावर काय आहे माहीत आहे का, नुसता...

"सांगू नका," ती म्हणाली. इतक्या जोरात की तो सॉरी म्हणाला आणि सोमवारी भेटू म्हणून फोन ठेवला.

रविवारी दुपारी जेवण करून तिने पडदे ओढले. चिमटा लावला. फरशीवर उजेडाची पट्टी उरली, तिच्यावर तिने पाय ठेवले. बाजूला एक संत्रं सोलून साल ठेवली, आणि मग ते जरा हास्यास्पद वाटलं, पण साल उचलली नाही. पिक्चर सुरू झालं. कुटुंब घरात आलं. आई तिला आठवत होती त्याहून किती तरी तरुण होती. तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल. जिना आठवत होता त्याहून अरुंद. बिजागरी वाजली. तिने डोळे मिटले आणि डावा तळवा डोळ्यांवर ठेवला. एक, दोन, तीन. आवाज तिचाच, लॅबमधला. पायऱ्या करकरल्या. सात, आठ. मोठा आवाज झाला आणि तिच्या पापण्या तळव्याला घासल्या. बारा, तेरा. शांत. सतरा, अठरा, एकोणीस. तिथे ती थांबली. ठरवून नाही; घशात काहीतरी आलं आणि ते गिळावं लागलं. आणि वीस त्याने म्हटलं.

खरखरीत, फुटायला आलेला आवाज, उजव्या कानाच्या अगदी जवळ. एकवीस, बावीस. पाणी ओतलं गेलं. पंचवीसला ती बाई हसली, आणि तिच्या पाठीतून तीच जुनी गार रेघ खाली गेली, आणि तिला इतकं बरं वाटलं की ती हलली नाही, श्वासही जपून घेतला. तीस. एकतीस. ती सात वर्षांची होती आणि कुणीतरी तिच्यासाठी सगळं बघत होतं. तिने मनात म्हटलं, हळू मोज. तो काही हळू मोजणारा नव्हता. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. गाडीचं दार लागलं. तिने हात काढला तेव्हा तळवा ओला होता.

हवं होतं ते मिळालं होतं. आता बंद करून उठायचं, आणि पुन्हा आवाज हरवला तर पुन्हा लावायचं. आयुष्यभर पुरलं असतं. उलट एकदा पाहिलं, जिन्यावर काय आहे ते कळलं, की भीती संपणार, आणि भीतीच्या मागोमाग येणारा कशाला येईल? हे तिला स्वच्छ कळत होतं. ती बराच वेळ पट्टीवर पाय ठेवून बसून राहिली. पट्टी सरकून अंगठ्यावरून करंगळीकडे गेली. तिला तो दिसत होता, बारा वर्षांचा, चड्डीतले गुडघे पोटाशी घेतलेला, एक हात तिच्या डोळ्यांवर, आणि समोर जे काही आहे ते दोघांच्या वतीने एकट्याने बघणारा. तीन दुपारी. तिला हात होता; त्याला कुणाचा होता? चौतीस वर्षांत ती तिथे त्याच्या शेजारी असूनही एकदाही त्याच्याबरोबर नव्हती. एकदा तरी जावं, तो एकटा बसला आहे तिथे जाऊन त्याच्याशेजारी बसावं, त्याने पाहिलं ते पाहावं.

तिने पिशवीतून स्टॉपवॉच काढलं. हातात काही असलं म्हणजे तिला धीर असायचा. पिक्चर मागे नेलं. बिजागरी वाजली, अंगठा दाबला गेला, आणि डोळे उघडे राहिले.

दार उघडलं. आत अंधार. तीन पायऱ्या करकरल्या, पण त्यांवर कुणी नव्हतं. मग कठड्यावर टांगलेला एक लांब काळा कोट आपोआप खाली पडला, त्याच्या खिशातलं काहीतरी जड लाकडावर आपटलं, आणि तेवढंच. बाई नाही, मुलगी नाही, कात्री नाही, भिंतीवरून सरकणारा हात नाही. पडदा एकदम पांढरा झाला. ऊन. तिचा अंगठा सवयीने पुन्हा दाबला गेला. मोठं अंगण, दोरीवर ओल्या चादरी, आई बादलीतलं पाणी झाडाच्या मुळाशी ओतते आहे आणि लहान मुलगी चादरीत गुंडाळून लपली आहे, फक्त पाय दिसत आहेत. आई ते पाय बघते आणि हसते. मनापासून, लांबवर, मजा आल्यासारखी. मुलगी चादरीतून तोंड काढते. चादरी हलतात. बाप सूटकेस घेऊन येतो आणि गाडीत ठेवतो. कोण हसलं? तीच, दुसरं कोण? हे ज्याने पाहिलं असतं, तो ऊन पडल्यावर हात ठेवून बसला नसता.

तिने पिक्चर थांबवलं नाही, मागे नेलं. पुन्हा बिजागरी, पुन्हा ऊन. पुन्हा मागे नेलं. एक रीडिंग म्हणजे रीडिंग नव्हे. मग उठून तिने चिमटा काढला, पडदे बाजूला केले, वही घेतली आणि लॅबमध्ये आखते तसा तक्ता आखला. अंगठ्याची चूक दोन दशांश धरली.

जिना, बिजागरी वाजल्यापासून ऊन पडेपर्यंत: अकरा पूर्णांक तीन, अकरा पूर्णांक पाच, अकरा पूर्णांक चार. सरासरी अकरा पूर्णांक चार सेकंद.

दादाचा हात, चाळीस होईपर्यंत: एकोणचाळीस पूर्णांक दोन सेकंद.